श्टाइनफाल्कचा पांढरा क्रॉस

१

पेटी उघडली तेव्हा आत क्रॉस होता. पण तो सोन्याच्या मुलाम्याचा, पिवळाधमक असायला हवा होता आणि निघाला पांढरा. किल्ल्याचे व्यवस्थापक हेर ब्रांडल यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, परत पेटीत ठेवला आणि विचारलं, "हा आमचा नव्हे. आमचा कुठे आहे?"

एवढ्यावरच भास्करराव वाळिंबे मेल्यानंतर चोर ठरले.

ऊर्मिलाताईंचा फोन आला तेव्हा मी कुमारच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. कुमार आमचा मुलगा, झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्याकडे येऊन आम्हा दोघांना बरीच वर्षं झाली. ऊर्मिलाताई आणि भास्करराव ही इथली आमची पहिली ओळख.

"लतिका, भाऊजींना घेऊन ये. आजच ये. ह्यांना चोर म्हणतायत गं. रविवारी फळ्यावर नाव चढायचं होतं, ते आता चढणार नाही म्हणे."

भाऊजी म्हणजे आमचे हे, श्यामकांत. पुण्यात असताना विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. जळलेली गोदामं आणि भिजलेले गठ्ठे बघण्यात यांचा जन्म गेला. नुकसान झालंय की केलंय, एवढाच प्रश्न असतो, असं म्हणायचे. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त झाला नव्हता. मी फोन ठेवेपर्यंत यांनी भिंग खिशात टाकलं होतं.

श्टाइनफाल्क हे श्वाबेनच्या डोंगरातलं लहानसं राजघराणं. राज्य जाऊन शंभर वर्षं झाली, पण किल्ला राहिला, जंगल राहिलं आणि घराण्याचा ऑर्डन राहिला. ऑर्डन म्हणजे मानाचा क्रॉस. लढाई जिंकणाऱ्याला तो मिळत नाही, मोठ्या अधिकाऱ्यालाही नाही. ज्यानं फ्युर्स्टची, म्हणजे तिथल्या राजाची, स्वतःच्या हातांनी सेवा केली त्यालाच मिळतो. आमच्याकडे संस्थानात खासगीकडच्या माणसांना मंदील नाहीतर शेला देत, तसंच. पण शेला घरात राहतो. हा क्रॉस माणूस गेला की परत करायचा असतो. मग त्याचं नाव किल्ल्याच्या दालनात लाकडी फळ्यावर रंगवतात. वर्षातून एकदाच, सुगीच्या सणाच्या रविवारी.

भास्करराव नर्सिंग शिकून तरुणपणी जर्मनीत आले. इस्पितळात त्यांनी फ्युर्स्टच्या मोडलेल्या कंबरेला हात लावला आणि फ्युर्स्टनं तो हात पुढे मरेपर्यंत सोडला नाही. त्या हातांनाच आता चोराचे हात म्हणत होते.

२

ऊर्मिलाताईंचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, सफरचंदांच्या बागेला लागून. दाराशी पोचल्यावर मला जुने दिवस आठवले. याच अंगणात फ्युर्स्टची चाकांची खुर्ची यायची. भास्करराव ढकलत आणायचे आणि म्हातारा राजा मांडीवर ताटली घेऊन पिठलं खायचा. त्याला "पिटला" म्हणायचा. एकदा मिरची लागली तर डोळ्यांतून पाणी वाहत असताना आणखी मागितलं होतं. भास्करराव हसून म्हणाले होते, "वहिनी, राजे लोकांना कोणी तिखट देतच नाही हो. म्हणून बिचारे आळणी राहतात."

आता अंगणात कोणी नव्हतं.

आत वल्लरी होती. ऊर्मिलाताईंची मुलगी, ड्युसेलडॉर्फला एका कंपनीच्या ऑफिसात. आईसाठी रजा काढून आलेली.

"काका, मला एवढंच हवंय की हे मिटावं," ती म्हणाली. "आईनं माझ्याकडे चलावं. इथे एकटी कशाला राहते?"

"नाव चढल्याशिवाय मी हलणार नाही," ऊर्मिलाताई म्हणाल्या. "नवरा चोर म्हणून मागे टाकून जाऊ? आणि तुझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर बसून काय, कबुतरं मोजू?"

"बरं, आई. तुझंच खरं."

यांनी चहा हातात घेतला आणि कामाला लागले. "पेटी किल्ल्यावर कोणी नेली?"

"मी," वल्लरी म्हणाली. "बाबा गेल्यावर आईनं क्रॉस पेटीत ठेवून पेटी माझ्याकडे दिली. ड्युसेलडॉर्फला माझ्या कपाटात होती. गेल्या आठवड्यात ब्रांडलना दिली."

"मध्ये उघडलीस?"

"नाही." ती जरा थांबली. "बाबा गेले होते, काका. मला ती उघडवेना."

"आणि त्याआधी क्रॉस कुठे असायचा? याच पेटीत?"

"पेटीत कशाला?" ऊर्मिलाताई म्हणाल्या. "पेटी कपाटात. क्रॉस देवात. फ्युर्स्ट गेले त्यानंतर यांनी तो एकदाही छातीवर लावला नाही. म्हणाले, ज्याच्यासाठी लावायचा तोच नाही. मग मी देवात ठेवला."

"कोणी हात लावायचं त्याला?"

"कोणी म्हणजे कोणीसुद्धा नाही! माझ्या देवाला माझ्याशिवाय कोण हात लावणार?"

"आणि तुम्ही काय करायचात त्याचं?"

"काय करणार? देवाचं करतात तेच."

यांनी मान हलवली आणि चहा संपवला.

मी देवघरापुढे नमस्कार केला. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात, समईच्या उजेडात तो लहानसा देव्हारा. ऊर्मिलाताईंच्या सासूबाईंची पितळी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा. घासून घासून अन्नपूर्णेचं नाक पार सपाट झालेलं, बाळकृष्णाचा चेहरा गुळगुळीत, फक्त डोळ्यांच्या जागी दोन खळगे. माझ्या माहेरचे देव असेच होते. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या अंगठ्यांनी पुसलेले चेहरे. मला एकदम आई आठवली.

निघताना ऊर्मिलाताई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि उंबऱ्यात अडखळल्या. "वल्लरी, तू लाव गं काकूला."

"तुम्हीच लावा," मी म्हणाले.

"मी?"

"या घरात मला दुसऱ्या कोणी कधी लावलंय?"

त्यांनी लावलं. "घरचं आहे," म्हणाल्या. "हळदीचं. बाजारचं मी आणतच नाही."

३

हेर ब्रांडल उंच, नीटनेटका माणूस. वाईट वाटला नाही मला. पण कपाट बंद असताना सुद्धा किल्ली खिशात चाचपून बघणाऱ्यांतला.

त्यांनी पेटी उघडली. निळ्या मखमलीवर क्रॉस ठेवलेला. मधोमध श्टाइनफाल्कचा ससाणा, पंख पसरलेला.

"हा प्रदानाच्या दिवशीचा फोटो," ब्रांडल म्हणाले. फोटोत भास्करराव काळ्या कोटात ताठ उभे आणि छातीवर क्रॉस, सोन्यासारखा चमकणारा. "आणि हा बघा. पांढरा. ससाण्याला चोच नाही. कडा बोथट. मागची अक्षरं धड वाचता येत नाहीत. ओतकाम कच्चं आहे. आणि खाचांत हा लाल रंग दिसतो? नकली माल करणारे जुनेपणा आणायला लाख भरतात."

"घराण्यानं चांदीचे क्रॉस कधी दिले?" यांनी विचारलं. वल्लरी जर्मनमधून सांगत होती.

"कधीच नाही. आमच्याकडे एकच दर्जा. माळ्याला तोच, डॉक्टरला तोच."

"पेटी तुम्ही एकट्यानं उघडली?"

ब्रांडलचे कान लाल झाले. "हो. एकट्यानं. हे मी प्रिन्झेसिनना, फ्युर्स्टच्या बहिणीला, स्वतः सांगितलं आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी कोणाचं नाव घेत नाही. पण फ्राऊ वाळिंबेंच्या माडीवर एक विद्यार्थी भाड्यानं राहतो. त्याचा विषय धातू. त्याच्या संस्थेत ओतकामाची भट्टी आहे. बस, एवढंच सांगतो."

यांनी भिंग काढलं. क्रॉस उलटा केला, सुलटा केला. रिबीन ओवायची कडी आतून पाहिली. पंखाखालची चीर पाहिली. मग क्रॉस ठेवून मखमलीवरून बोट फिरवलं. मखमल नवी कोरी होती, क्रॉसचा साधा वळसुद्धा उमटलेला नव्हता.

"रविवारपर्यंत हा असाच ठेवा," हे म्हणाले. "पुसू नका."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अहो, काय दिसलं?"

"दिसलं ते बरं नाही," हे म्हणाले. "त्या मुलाला भेटू या."

४

उत्कर्ष बागेत सापडला. पडलेली सफरचंदं टोपलीत गोळा करत होता. मूळचा नाशिकचा, श्टुटगार्टच्या संस्थेत पीएच.डी. करणारा. ऊर्मिलाताईंना "आजी" म्हणायचा आणि त्यांच्या हातची आमटी खाऊन वजन वाढवून बसला होता.

हे त्याच्या शेजारी बाकावर टेकले. "बाबा रे, क्रॉस पांढरा आहे हे तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात. सगळ्यांना कळलं तेव्हाच."

"तू धातू शिकतोस. देव्हाऱ्यापुढून रोज जातोस. मी तुझ्या जागी असतो तर मला आधी कळलं असतं."

उत्कर्ष सफरचंदाचा देठ फिरवत राहिला. देठ तुटला. मग म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी."

मी यांच्याकडे पाहिलं.

"समई लावलेली नव्हती त्या दिवशी. आजी गावाला गेल्या होत्या. दिवसाउजेडी पाहिला, तर पांढरा! मी आजोबांना म्हणालो, हे सोनं नाही. मला वाटलं दचकतील. ते हसले."

"काय म्हणाले?"

"काका, हे तुम्ही कोणाला सांगणार असाल तर मी सांगत नाही."

"सांग."

"म्हणाले, 'माहीत आहे मला. पण ऊर्मिलेला कळू द्यायचं नाही. शप्पथ घे.'" त्याचा चेहरा पडला. "मी घेतली. म्हणून तर ब्रांडल माझ्याकडे संशयानं बघतात तरी मी गप्प आहे. आजोबांनी कोणाच्या तरी अडचणीला खरा क्रॉस विकला असेल, काका. त्यांना कोणाला नाही म्हणता यायचं नाही."

वाऱ्यानं आणखी दोन फळं गवतात पडली. ब्रांडल सुटले, वल्लरी सुटली, हा मुलगाही सुटला. दोन वर्षांपूर्वीच क्रॉस पांढरा होता, तर यांच्यापैकी कोणी काही केलेलं नव्हतं. उरले एकटे भास्करराव. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी बायकोपासून लपवलं होतं.

ज्या माणसानं राजाला पिठलं खायला घातलं, तो माणूस खरंच असं करेल?

५

परतताना आम्ही किल्ल्याच्या वळणावर बसथांब्यावर बसलो. खाली दरीत झाडं पिवळी पडली होती.

"अगं, एक सांग," हे म्हणाले. "तुला खोटा दागिना करायचाय. सगळ्यात आधी काय जुळवशील?"

"रंग."

"मग? सोन्याच्या क्रॉसची नक्कल करणारा माणूस ती पांढरी करेल? मुलामा द्यायला एक दुपार लागते. चोच तुटकी, कडा बोथट, अक्षरं पुसट. इतकी वाईट नक्कल कोणी करत नाही."

"मग दुसराच क्रॉस?"

"चांदीचे त्यांनी कधी दिलेच नाहीत. राहिलं काय?"

मला ते दिसायला लागलं होतं आणि दिसू नये असं वाटत होतं.

"कडीच्या आत, जिथे बोट जात नाही, तिथे अजून सोनं आहे," हे म्हणाले. "पंखाखालच्या चिरेतही. हा तोच क्रॉस आहे. सोनं विकलं नाही कोणी. घासून गेलं. आणि घासणाऱ्या हातानं आधी चोच खाल्ली, कारण ती सगळ्यात वर होती."

"अन्नपूर्णेचं नाक," मी म्हणाले.

"अन्नपूर्णेचं नाक."

चिंच आणि चुलीतली राख. प्रत्येक दसऱ्याला, प्रत्येक दिवाळीला, आणि ऊर्मिलाताईंचा स्वभाव बघता प्रत्येक शुक्रवारीही. देवाचं करतात तेच. पितळेचे देव एवढं सोसतात, मुलाम्याचा पापुद्रा कुठून सोसणार? समईच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. त्यांना कळलंच नाही. भास्कररावांना कळलं, आणि त्यांनी बायकोला कळू दिलं नाही.

"आता पंचाईत बघ," हे म्हणाले. "त्यांचं नाव सोडवायचं तर, त्यांनी जे लपवलं तेच त्यांच्या बायकोला सांगायला हवं."

"ब्रांडलना एकट्याला सांगा."

"आणि रविवारी सगळ्या लोकांत तिला दुसऱ्याच्या तोंडून कळू दे?"

बस आली. आम्ही चढलो नाही, परत ऊर्मिलाताईंच्या घराकडे वळलो.

ऊर्मिलाताई ओट्यापाशी उभ्या होत्या. यांना मी बाहेर बसवलं. हे काम माझं होतं. मी सरळ सांगितलं, फुलवलं नाही, झाकलं नाही.

त्या कितीतरी वेळ हातातलं फडकं पिळत राहिल्या.

"म्हणजे मी घालवलं सोनं."

"हो."

"आणि यांना माहीत होतं?"

"हो."

"इतकी वर्षं?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मग बोलायला काय झालं होतं यांना! तोंड होतं ना? राजाशी तासन्‌तास बोलायला व्हायचं, माझ्याशी एवढं बोलवेना? मी राख नसती लावली! मी मऊ फडकं घेतलं असतं!" आणि मग त्या खुर्चीवर बसल्या आणि भास्करराव गेल्यानंतर पहिल्यांदाच, आमच्यासमोर तरी, मोठ्यानं रडल्या. वल्लरी धावत आली. "आई, काय झालं?"

"काही नाही. तुझा बाप अतिशहाणा होता," ऊर्मिलाताई म्हणाल्या. डोळे पुसले. "रविवारी मी येणार. मीच सांगणार. माझ्या नवऱ्याचं नाव आहे ते."

६

किल्ल्याच्या दालनात गव्हाच्या ओंब्या आणि भोपळे मांडले होते. भिंतीवर तो फळा, काळा, उंच. रंगारी शिडी लावून बसला होता, पण त्याचा डबा बंद होता. प्रिन्झेसिन टेक्ला, फ्युर्स्टची धाकटी बहीण, नव्वदीच्या आसपासची, काठी टेकून आरामखुर्चीत. घराण्याचा शेवटचा शब्द त्यांचा.

ऊर्मिलाताई उभ्या राहिल्या. मराठीतच बोलल्या, वल्लरी सांगत गेली. "क्रॉस हाच. यांनी विकला नाही, कोणी बदलला नाही. मी देवात ठेवला आणि देवासारखा घासला. चूक झाली असेल तर माझी. यांना काही म्हणू नका."

ब्रांडल अवघडून म्हणाले, "भावना समजते. पण पुरावा?"

यांनी भिंग दिलं. कडीच्या आतलं सोनं दाखवलं, पंखाखालचं दाखवलं. "आणि तुमची लाख," हे म्हणाले, "तिला जरा लिंबू लावा."

चहाच्या टेबलावरची लिंबाची फोड आणली. ब्रांडलनी स्वतः काडीला कापूस गुंडाळून खाचेतल्या लाल रंगाला लावला. कापूस पिवळा झाला.

"लाख पिवळी होत नाही," हे म्हणाले. "हळदीचं कुंकू होतं. हे आमच्या बायका देवाला लावतात. विकायच्या वस्तूला नाही."

ब्रांडलनी कापूस उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग काडी खाली ठेवली, ऊर्मिलाताईंसमोर आले आणि हात पुढे केला. ताईंनी क्षणभर थांबवून ठेवलं आणि मग हात दिला.

"पण हा नव्यानं मुलामा देऊन घ्यावा लागेल," ब्रांडल प्रिन्झेसिनना म्हणाले. "असा कपाटात ठेवता येणार नाही."

"कपाट उघडा," त्या म्हणाल्या.

खणामागून खण बाहेर आले. परत आलेले क्रॉस, ओळीनं. कोचमनचा, आचाऱ्याचा, दाईचा, वनरक्षकाचा. सगळे पिवळेधमक, प्रत्येक ससाण्याची चोच टोकदार. मखमलीत जसे दिले तसेच परत आलेले.

"बघा, ब्रांडल," प्रिन्झेसिनबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकाही घरात कोणाला याचं काही करावंसं वाटलं नाही. पेटीत घातले आणि विसरले. माझ्या भावानं दिलेला क्रॉस एकाच घरात कोणाच्या तरी हातात रोज होता." त्यांनी पांढरा क्रॉस तळहातावर घेतला. "याला कोणी हात लावायचा नाही. असाच ठेवायचा."

रंगाऱ्यानं डबा उघडला. शिडीवरून भास्कर वाळिंबे हे नाव एकेक अक्षरानं उतरत गेलं. आमचं कोणाचं लक्ष दुसरीकडे जाईना. नाव झालं तसा तो वळला आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" ऊर्मिलाताईंनी विचारलं.

"प्रत्येक नावाखाली हुद्दा असतो, आई," वल्लरी म्हणाली. "कोचमन, आचारी, असा. बाबांचा काय लिहू, विचारतोय. त्यांच्या कागदावर काही नाही."

ब्रांडल म्हणाले, नर्स लिहावं. प्रिन्झेसिननी मान हलवली, नाही.

ऊर्मिलाताई फळ्याकडे बघत राहिल्या. आचारी, दाई, कोचमन. सगळ्यांना काहीतरी काम होतं. "खुर्ची तर कोणीही ढकलली असती," त्या म्हणाल्या. "हे फ्युर्स्टजवळ बसायचे. नुसते. त्यांना एकटं वाटायचं म्हणून. असं लिहायला सांग."

वल्लरीनं वर पाहून जर्मनमध्ये दोन-तीन शब्द सांगितले. काय सांगितलं ते मला कळलं नाही. रंगारी थोडा वेळ विचार करत राहिला. मग त्यानं ब्रश बुडवला, आणि प्रिन्झेसिन टेक्लांनी काठी बाजूला ठेवून ऊर्मिलाताईंसाठी आपल्या शेजारची खुर्ची ओढली.